चेहऱ्यांचा फोल्डर

"हणमंत, चेहरे गेले."

हणमंत छपाईच्या मशीनपाशी उभा राहून चहा पीत होता. "कुणाचे?"

"सगळ्यांचे."

"सगळ्यांचे म्हणजे?"

"सगळ्या गावाचे. तात्यासाहेबांसकट."

त्यानं कप तसाच मशीनवर ठेवला. एरवी मशीनवर कुणी कप ठेवला तर तो त्याचं खानदान काढायचा. माझ्या पाठीमागं येऊन त्यानं स्क्रीनकडं बघितलं. वर नाव होतं 'चेहरे', आणि खाली पांढरं. त्यानं माझ्या हातातून माउस घेतला, फोल्डर बंद करून परत उघडला. पांढरंच.

"अण्णा," तो म्हणाला, "परवा तात्यांची एकसष्टी आहे."

"माहीत आहे."

"वीस बाय तीसचा फ्लेक्स आहे."

"तेही माहीत आहे."

मी त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. दोन महिन्यांपूर्वी असलं काही केलं असतं तर त्यानं मला दुकानाबाहेर काढलं असतं. आता तो नुसता म्हणाला, "असू दे. होतं असं." मला ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

आमचं गाव कराडपासून तासाभरावर. मी मूळचा पाट्या रंगवणारा, म्हणून गाव मला पेंटरच म्हणतं. फ्लेक्स आले आणि माझे ब्रश वाळले. तेव्हा हणमंतनं स्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान टाकलं होतं. त्यानं मला कॉम्प्युटरवर बसवलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याची बायको कल्पना लग्नपत्रिका करायची, तिसरा मशीनला जोडलेला. तिन्हींचं काम एकाच डब्यात जमा व्हायचं. बुटाच्या खोक्याएवढा काळा डबा, कोपऱ्यात गणपतीच्या फोटोखाली ठेवलेला. त्याला आम्ही सर्व्हर म्हणायचो. कल्पना रोज त्यालाही उदबत्ती ओवाळायची.

त्या डब्यात 'चेहरे' नावाचा फोल्डर होता. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली रांगेनं माणसं असतात, शुभेच्छुक म्हणून. मानेपासून वर कापलेली. ती दर वेळी नव्यानं कोण कापत बसणार? म्हणून अख्ख्या गावाची मुंडकी आम्ही एकदाच कापून ठेवली होती. पक्षाप्रमाणे वेगळी, तालमीप्रमाणे वेगळी, महिला बचत गट वेगळा.

शेजारी दुसरा फोल्डर होता, 'कैलासवासी'. त्यालाही कारण झालं होतं. एकदा एका वाढदिवसाला वारलेला माणूस शुभेच्छुकांत छापला गेला, तोही नेमका त्याच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी आणि त्याच्या विरोधकाच्या फ्लेक्सवर. त्याच्या पोरांनी येऊन दुकानाची काच फोडली. तेव्हापासून हणमंतचा नियम झाला की माणसाचं तेरावं झालं की त्याचा चेहरा 'कैलासवासी'त हलवायचा. त्यात काही जण असे होते की त्यांना कैलासावर कुणी दारातसुद्धा उभं केलं नसतं. पण दुसरीकडं पाठवायला आमच्याकडं फोल्डर नव्हता.

माझी बायको शालन महिला बचत गटाची अध्यक्ष होती. त्यामुळं फ्लेक्स कुणाचाही असो, बायकांच्या रांगेत पहिली तीच. तिचं तेरावं होऊन बरेच दिवस झाले होते आणि ती अजून 'चेहरे'तच होती.

त्या दिवशी सकाळी हणमंत छताकडं बघत मला म्हणाला होता, "अण्णा, एकसष्टीचं काम सुरू करायचंय. तेवढं ते हलवा आता."

"काय हलवू?"

"ते हो."

तेव्हा सगळे असंच बोलायचे. 'ते झालं त्याच्या आधी', 'त्या होत्या तेव्हा'. मी हॉटेलात शिरलो की माणसं मोबाइलचा आवाज बारीक करायची. भजी मागवली तर मालक बशी हळूच ठेवायचा, जणू भजीसुद्धा सुतकात आहेत.

हणमंतला मी "करतो" म्हणालो आणि करायला बसलो. तिचा चेहरा निवडला. म्हणजे मला वाटलं की तिचाच निवडला. मग तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरकडं फिरवलं आणि हलवायचं सोडून पुसायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं, मी हो म्हणालो. वळून बघतो तर गाव साफ.

कराडच्या इरफान नदाफनं आम्हाला तो डबा बसवून दिला होता. हणमंतनं त्याला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"अण्णा, कशालाच हात लावू नका," नदाफ म्हणाला. "नवीन काही साठवू नका, जुनं काही पुसू नका. येतो मी. तोवर तिघंबी बाहेर बाकड्यावर बसा."

आम्ही खरंच बाहेर बाकड्यावर बसलो. शटर अर्धं ओढून. येणारा-जाणारा आमच्याकडं बघून मान हलवून जायचा. त्यांना वाटलं, अजून कुणीतरी गेलं.

नदाफ आला तो हेल्मेट न काढताच आत बसला.

"कॉम्प्युटरवरचं पुसलं तर ते कचऱ्याच्या टोपलीत तरी पडतं," तो म्हणाला. "तिथनं उचलता येतं. या डब्यावरचं पुसलं की टोपली न्हाई, काय न्हाई. थेट. पुसताना त्यानं विचारलं असंल की, खरंच कायमचं काढू का?"

"विचारलं."

"मग?"

"ते दिवसातनं शंभरदा काहीतरी विचारतं. मी सगळ्याला हो म्हणतो."

"लग्नात भटजींना बी असंच म्हणाला होता काय?" असं म्हणून नदाफ हसला, आणि हसता हसता त्याला आठवलं. त्यानं घाईनं हेल्मेट काढलं. कल्पनाला खोकला आला.

"तर सांगायचं म्हणजे," तो स्क्रीनकडं तोंड करून म्हणाला, "हा डबा रोज रात्री आपला आपण सगळ्याची एक नक्कल करून ठेवतो. कुणी सांगायला लागत न्हाई. ती लपवलेली असती, तुम्हाला दिसत न्हाई. दिसली असती तर तुम्ही तीबी पुसली असती."

त्यानं कुठंतरी काहीतरी टाइप केलं आणि एक नवाच फोल्डर उघडला. आत तारखा होत्या. एकेक तारीख म्हणजे त्या रात्री डबा जसा होता तसा. मी पहिल्यांदाच बघत होतो. आमच्या नाकाखाली हे यंत्र रोज आमचं सगळं उचलून ठेवत होतं आणि आम्ही त्याला उदबत्ती ओवाळत होतो.

"हे काय?" नदाफ म्हणाला. "उन्हाळ्यापर्यंत रोजची हाय. मग एकदम बंद. हणमंतराव, रात्री हा डबा चालू असतो ना?"

"चालू कसा असेल? मी मेन स्विच बंद करून जातो. नवीन मीटर बसवल्यापासून बिल काय येतंय बघितलंस का?"

"डब्याचाबी?"

"मेन स्विच म्हणजे सगळंच की."

नदाफनं कपाळावर हात मारला. "म्हणजे राखणीला कुत्रं पाळलंय आणि रोज जाताना त्याला झोपेची गोळी देऊन जाताय."

"मला काय माहीत ते रात्रीचं काम करतं!"

"थांबा. एक हाय. उन्हाळ्यानंतरची एकच हाय." त्यानं तारीख वाचली. "ही एक रात्र स्विच चालू राहिलेला दिसतोय. कसा काय?"

"राहिला असेल," हणमंत म्हणाला.

कल्पना उठून चहा टाकायला गेली. चहा नुकताच झाला होता.

मला तारीख सांगायची गरज नव्हती. त्या रात्री शालननं छातीत दुखतंय म्हणून मला उठवलं. मी हणमंतला फोन केला. तो दुकानात काम उरकत होता. शटर ओढून, स्विच तसाच ठेवून तो गाडी घेऊन आला. कराडला दवाखान्यात पोचेपर्यंत ती बोलत होती. मला म्हणत होती, "कडीला कुलूप लावलं का?" दुसऱ्या दिवशी ती गेली. म्हणजे आम्ही रस्त्यात होतो तेव्हा इकडं हा डबा नक्कल करत बसला होता.

"हीच घे," मी नदाफला म्हणालो.

चेहरे परत यायला लागले. रांगेनं, एकामागून एक, हसत. मी इतकी माणसं एकदम खूश बघितली नव्हती. पण आले ते त्या रात्री होते तसे आले. त्यानंतर ज्यांनी मिशी काढली होती त्यांना मिशी परत आली. ज्यांनी मधल्या काळात पक्ष बदलला होता ते परत जुन्या पक्षात गेले. यात तात्यासाहेबांचे दोन पुतणेही होते. हणमंतनं त्यांना उचलून नव्या पक्षात टाकलं. "ह्यांच्यासाठी रोज नक्कल घ्यायला पाहिजे," तो म्हणाला.

आणि त्या रात्रीनंतर मेलेले सगळे जिवंत होऊन बसले होते.

"आता आठवा," नदाफ जाताना म्हणाला, "कोण कोण गेलं मधल्या काळात. न्हाईतर परत काच फुटंल. आणि तो स्विच!"

आम्ही तिघं आठवायला बसलो.

"गिरणीवाले धोंडीराम," कल्पना म्हणाली.

"हलवा. सोसायटीचे माने."

"हलवले."

"नारायण मास्तर," हणमंत म्हणाला.

"अहो, मास्तर कुठं गेलेत? पोराकडं गेलेत, पुण्याला."

"मला कुणीतरी गेले म्हणालं."

"गेलेच ना, एसटीनं गेले. काढा त्यांना बाहेर!"

मास्तरांना कैलासातून परत आणलं. तालमीचा वस्ताद हलवला. देवळाचा पुजारी हलवला. कासाराची आजी हलवली, तिला आठवून कल्पना थोडी रडली, कारण आजी तिला बांगड्या भरताना फुकट दोन जास्त घालायची.

मग तिनं डोळे पुसले आणि पदर नीट केला.

"झालं?" हणमंतनं मशीनकडं बघत विचारलं.

"झालं," कल्पना म्हणाली.

"झालं," मीही म्हणालो.

फ्लेक्स मी एका बैठकीत केला. मधे तात्यासाहेब, नमस्कार करताना. पाठीमागं सूर्य, वाघ आणि धरण. तात्यांचा धरणाशी काही संबंध नव्हता, पण आमच्याकडं धरणाचा फोटो चांगला होता. खाली तरुण मंडळ, त्याखाली सोसायटी, आणि सगळ्यात खाली महिला बचत गटाची रांग. बायकांच्या डोक्यावर वाक्य होतं, 'तात्या, आम्ही तुमची वाट पाहतोय!' तात्यांना जिल्हा परिषदेत जायचं होतं. बायका तिथं वाट बघणार असं बबनचं म्हणणं होतं. बबन म्हणजे तात्यांचा माणूस. गाडी चालवायचा, फोन उचलायचा आणि वाक्यं सुचवायचा.

बायकांची रांग आमच्याकडं एकत्रच जोडून ठेवलेली असायची. ती मी उचलून आणली आणि बसवली. शालन पहिली होती. मला ती दिसली का? दिसली. पण त्यात काही चुकलंय असं मला वाटलं नाही. ती तिथं नसती तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

हणमंतनं नमुना बघितला. बराच वेळ बघितला. "छान झालंय," म्हणाला. कल्पनानं एकदा सगळं वाचून काढलं. बबन आला, स्वतःचा फोटो थोडा मोठा करायला लावला आणि म्हणाला, "तात्यांचे केस अजून काळे करा." तेवढे केले आणि छापलं. आदल्या संध्याकाळी चौकात बांबू उभे करून बांधलंही.

रविवारी बाजाराच्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होतो तेव्हा बबन गाडीवरून उडी मारून आला.

"पेंटर, काय केलं हे! तात्यांच्या मंडळींनी फ्लेक्स बघितलाय. डोकं धरून बसल्यात."

"का?"

"अहो, का काय? गेलेलं माणूस तात्यांना दीर्घायुष्य चिंततंय! आणि वर काय लिहिलंय? वाट पाहतोय! तात्यांच्या छातीत गेल्याच साली स्प्रिंग घातलीय. ते सकाळपासून पाणीसुद्धा प्यालेले नाहीत."

"वाक्य तूच दिलं होतंस."

"मी जिवंत बायकांसाठी दिलं होतं!"

आतून हणमंत आणि कल्पना बाहेर आले. दोघांचे चेहरे बघून मला कळलं.

"तू बघितलं होतंस?" मी हणमंतला विचारलं.

"बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, कल्पना सांगेल."

"मला वाटलं, हे सांगतील," कल्पना म्हणाली.

मी बबनकडं बघितलं. तो गाडीच्या किल्लीशी खेळायला लागला. "मलाही दिसलं होतं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवलंय. शेवटचं एकदा म्हणून. आता ते कसं बोलायचं माणसाला?"

म्हणजे सगळ्या गावाला माझी दया आली आणि त्या दयेत बिचारे तात्या अडकले.

"तात्या दहाला चौकात यायचेत," बबन म्हणाला. "त्याच्या आत काहीतरी करा."

उतरवून नवीन छापायला वेळ नव्हता. आमच्या धंद्यात अशा वेळी ठिगळ लावतात. दुसरा चेहरा तेवढ्याच मापाचा छापायचा आणि वर चिकटवायचा. गटाची नवी अध्यक्ष हौसाक्का घाडगे झाली होती. तिचा चेहरा काढला, छापला. मी तो गुंडाळून डिंकाचा डबा घेतला. शिडी माझीच होती, पाट्या रंगवायच्या वेळची. चढायचं मीच असं ठरलं. हणमंत म्हणाला, "मी चढतो," पण त्याला घराच्या माळ्यावर चढतानाही घेरी येते.

बाजार भरला होता. फ्लेक्सखाली भाजीवाल्या बसलेल्या. हणमंतनं शिडी धरली आणि मी चढलो. बायकांची रांग तशी खालीच होती, पण बांबू उंच होते. अर्ध्यावर पोचलो तेव्हा खालून आवाज आला.

"पेंटर! ए पेंटर!"

हौसाक्का. काठी टेकत, पिशवीतून मेथी बाहेर आलेली.

"काय, अक्का?"

"हातात काय हाय तुझ्या?"

"तुमचा फोटो."

"कुठं लावतोयस?"

मी गुंडाळी काखेत दाबली.

"शालनच्या तोंडावर माझं तोंड चिकटवतोयस व्हय रं?"

कांदे मोजणारा तागडी धरून थांबला. इतक्या दिवसांत तिचं नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"अक्का, तात्यांची अडचण झालीय," हणमंत खालून म्हणाला.

"तू शिडी धर! मी पेंटरशी बोलतीय. जित्ती होती तवा मी अध्यक्षपद मागितलं म्हणून वरीसभर बोलली न्हाई माझ्याशी. समोर आली की पदर झटकून जायची. आता तिच्यावर मला चिकटवलीस तर मेल्यावरबी बोलायची न्हाई. आन मला काय, आज न्हाई उद्या तिकडंच जायचंय. तिथं गटात कोण घेईल मला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"हसताय काय? तिथंबी तीच अध्यक्ष असणार! मीटिंगला उशीर झाला म्हणून यमाला दारात उभा करील ती. रेड्यासकट!"

आता चौक हसायला लागला. भाजीवाल्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. आणि मला हसू आलं. मी दाबायचा प्रयत्न केला, पण ते पोटातून आलं, शिडी हलायला लागली आणि डिंक हणमंतच्या डोक्यावर सांडला.

"अण्णा, हलू नका! अण्णा!"

"अक्का, वेळ नाही हो," बबन काकुळतीला आला. "तात्यांना काय सांगू?"

"सांग त्याला, शालनच्या चिंतण्यानं मरायचा असतास तर मागच्याच इलेक्शनला मेला असतास. तवा तिनं सगळ्या गल्लीदेखत शिव्या घातल्यात त्याला, नळाच्या पाण्यावरनं."

"तरी काहीतरी करा ना!"

हौसाक्कानं मान वर करून शालनकडं बघितलं. मग म्हणाली, "कापून काढ तिला, पेंटर. चौकोन काप. फ्लेक्सला वाऱ्यासाठी भोकं पाडताच की तुम्ही. एक भोक तिथं पाड."

ते खरं होतं. मोठा फ्लेक्स वाऱ्यानं फुगून फाटतो, म्हणून आम्ही त्यात जागोजागी भोकं कापतो. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मी वर चढलो, तिच्यासमोर. खिशातून कटर काढला. मला भीती वाटत होती की हात चालणार नाही. पण तिथं ती नव्हतीच. लहान फोटो एवढा मोठा केला की हाताच्या अंतरावर नुसते ठिपके दिसतात. निळे, लाल, पिवळे. डोळा कुठला आणि कुंकू कुठलं तेसुद्धा कळेना. मी चारी बाजूंनी कापलं. त्या भोकातून पलीकडची स्टँडची भिंत दिसायला लागली आणि वारा आला.

दुपारी मी दुकानात जाऊन तिची फाइल 'कैलासवासी'त हलवली. त्याला वेळ लागला नाही. पण शिडीवरून उतरलो तेव्हा दुपार व्हायची होती, आणि हौसाक्का खाली उभी होती.

"दाव बघू," म्हणून तिनं तो तुकडा हातात घेतला. नाकापाशी नेला. "ही कुठं शालन हाय? ठिपकं नुसतं."

"लांबून बघायचं असतं, अक्का."

"मग धर की लांब."

मी तुकडा घेऊन रस्ता ओलांडला. समोर शिंप्याच्या दुकानापुढं उभा राहिलो आणि दोन्ही हातांनी वर धरला. मधे बाजार. हौसाक्कानं डोळ्यांवर हात आडवा धरला.

"जरा वर! हां. आली!"

ती बराच वेळ बघत होती. तिचे ओठ हलत होते. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. हातवारे बघता कौतुक नसावं. मग ती काठी टेकत रस्ता ओलांडून आली, मेथीची पिशवी माझ्याकडं दिली आणि तुकडा माझ्या हातातून घेतला.

"आता तू जा तिकडं."

"कशाला?"

"जा म्हणतीय न्हवं!"

मी पिशवी घेऊन फ्लेक्सखाली गेलो आणि वळलो. ती शिंप्याच्या दारात उभी होती. तुकडा छातीशी धरलेला, वर फक्त तिचं पांढरं डोकं. मधून एक जण बोकड ओढत गेला. मग मिरच्यांचा टेम्पो गेला. मग वाट मोकळी झाली.

"आली का?" हौसाक्का ओरडली.

"आली," मी म्हणालो. तिला ऐकू गेलं नाही.

"आली का रं?"

"आली!"

"मग बघ की! माझं हात भरून यायच्या आत बघून घे!"